‘ट्रेनी’ आणि शिकाऊ उमेदवार: आयटीआय झालेल्या मुलीस पत्र

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही कागद, एक टूलरूममधल्या (साचे आणि जिग-फिक्श्चर बनवणाऱ्या विभागातल्या) शिकाऊ उमेदवारीचा आणि एक कॉन्ट्रॅक्टरच्या ‘ट्रेनी’ नेमणुकीचा, मी प्रिंट काढून आणून वाचले. मोबाइलवर बारीक अक्षरातल्या अटी नीट दिसत नाहीत, आणि असल्या कागदांत कामाचं सगळं बारीक अक्षरातच असतं. परवा फोनवर तू घाईत होतीस, मलाही सेकंड शिफ्टला निघायचं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं आहे म्हणालीस, म्हणून निवांत बसून लिहितोय. टपाल चिंचवडला आत्तीकडे पोचेपर्यंत सोमवार उलटून जाईल, तेव्हा या पानांचे फोटोच पाठवतो. दोनदा वाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टूलरूममधली शिकाऊ उमेदवारी घे. महिना अकरा हजार मिळतील, मिळू देत. कॉन्ट्रॅक्टरचे साडेचौदा हजार सोडून दे. आईला हे लगेच पटलं नाही, तुलाही कदाचित पटणार नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

कॉन्ट्रॅक्टरचा कागद एकाच पानाचा आहे. ‘ट्रेनी म्हणून सहा महिन्यांसाठी निवड’ एवढं लिहिलंय. तू मशीनिस्ट ट्रेड पास झालीस, पण त्या पानावर मशीनिस्ट हा शब्द शोधूनही सापडत नाही. ज्या कंपनीत तू उभी राहणार तिचंही नाव नाही, फक्त कॉन्ट्रॅक्टरचा शिक्का. काय शिकवणार, कोण शिकवणार, शेवटी कसला दाखला देणार, यातलं काही नाही. पैशाला ‘स्टायपेंड’ म्हटलंय आणि खाली लिहिलंय की पीएफ व ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नाही. ‘कोणतेही कारण न देता सेवा थांबवता येईल’ ही ओळ मात्र ठळक आहे.

कायद्याच्या नजरेत कारखान्यात घाम गाळणारं माणूस एक तर कामगार असतं, नाही तर शिकाऊ उमेदवार. कामगार असेल तर किमान वेतन, पीएफ, ईएसआय हे सगळं त्याला मिळालं पाहिजे. शिकाऊ उमेदवाराला पीएफ-ईएसआय नसतं, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला कामगार मानलेलंच नाही. त्याबदल्यात त्याला नोंदणी केलेला करार मिळतो, ठरलेला अभ्यासक्रम मिळतो, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाई त्याला कामगारासारखीच लागू आहे. आता या कॉन्ट्रॅक्टरच्या कागदाकडे बघ. तो तुझ्याकडून काम कामगाराचं घेणार, नाव शिकाऊचं देणार आणि हक्क दोघांपैकी कुणाचाच देणार नाही. माझा राग पगाराच्या आकड्यावर नाही, यावर आहे. त्याने पीएफ कापला असता, ईएसआयचं कार्ड दिलं असतं आणि नेमणूकपत्रावर ‘ऑपरेटर’ असं सरळ लिहिलं असतं, तर मी तुला दोन्हींचा विचार कर म्हटलं असतं. आपल्या शिरोलीच्या कारखान्यांत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलेली आणि पुढे चांगली सेटल झालेली पोरं मी पाहिली आहेत. पण ‘ट्रेनी’ या नावाखाली वर्षानुवर्षं लाइन चालवून घ्यायची आणि सहा-सहा महिन्यांनी कागद बदलायचा, हा प्रकार आपल्याकडे फार बोकाळलाय. सहा महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने पुन्हा ट्रेनी. तीन वर्षांनी मुलाखतीला बसल्यावर विचारतात अनुभव काय, आणि हातात दाखवायला काही नसतं.

आता काम काय असेल ते बघू. तू म्हणालीस, तिथे व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आहेत, म्हणजे मशीन तर शिकायला मिळेल. सोनू, त्या लाइनवर तुला प्रोग्रॅम उघडूही देणार नाहीत. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिक्श्चरमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवायचा, क्लॅम्प करायचा, दार लावायचं, हिरवं बटण. सायकल संपली की एअर मारायची, भोक तपासायला प्लग गेज घालून बघायचं, त्याची गो बाजू आत गेली आणि नो-गो बाजू अडकली की माप बरोबर, जॉब ट्रेमध्ये. मग पुढचा. हे काम हलकं नाही आणि करणाऱ्याला मी कमी लेखत नाही, आठ तास उभं राहून त्या गतीने काम करणं सोपं नसतं. पण एका आठवड्यात ते हाताला येतं, आणि नंतर तिथे शिकण्यासारखं काही उरत नाही. ऑफसेट घेणारा (टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला देणारा) वेगळा, टूल बदलणारा वेगळा, सेटिंग करणारा वेगळा. त्यांच्याजवळ उभं राहून बघायला गेलीस तर किती जॉब झाले ते सुपरवायझर विचारेल.

टूलरूममध्ये तसं नसतं. तिथे एकाच जातीचे पाचशे जॉब निघत नाहीत. आज जिगची प्लेट, उद्या डायची इन्सर्ट, परवा तुटलेल्या फिक्श्चरची दुरुस्ती. प्रत्येक जॉबला ड्रॉइंग आधी वाचावं लागतं. कुठला फेस आधी घ्यायचा, पकडायचं कुठे, डायल कशाला लावायचा, हे ठरवावं लागतं. आयटीआयला तू शेपरवर, मिलिंगवर, सरफेस ग्राइंडरवर हात बसवलास, तो हात इथेच पुढे जाईल.

मी १९९४ ला उमेदवारीला लागलो तेव्हाची एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आमच्या मिस्त्रींनी मला एका प्लेटमध्ये २५ एच-७ चं भोक बोअर करायला दिलं. तुला माहीतच आहे, पंचवीस मिलिमीटरला खाली शून्य, वर एकवीस मायक्रॉन एवढीच सूट, बस. बोअर झाल्याबरोबर मी मापलं आणि बरोबर आलं म्हणून सांगायला गेलो. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, माप वहीत लिही, चहा पिऊन ये, मग पुन्हा मापून लिही. चहा पिऊन आलो तर माप बदललेलं, आणि गो गेज आत जाईना. कटिंगने तापलेल्या लोखंडाचं भोक मोठं दिसतं. पंचवीसच्या भोकाला तीस अंशांचा फरक पडला तर आठ-नऊ मायक्रॉन तिथेच जातात, म्हणजे जवळजवळ निम्मा टॉलरन्स, मापातली ती सूट. थिअरीत हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण प्रसरण म्हणजे काय ते मला त्या दोन आकड्यांनी शिकवलं. मिस्त्रींनी ना रागावलं, ना समजावून सांगितलं. पुढचा हलका कट घ्यायला लावला आणि आपल्या कामाला लागले. असा एक माणूस शेजारी असणं, त्याला तुला शिकवायला वेळ असणं आणि तुला चुकायची मुभा असणं, हे सगळं एका वर्षासाठी मिळतंय. कॉन्ट्रॅक्टरच्या लाइनवर जॉब स्क्रॅप झाला तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस म्हणतील.

तू विचारलंस, आयटीआयची दोन वर्षं झाली, आता पुन्हा शिकाऊच का? तू मुलाखतींना गेलीस तिथे पहिला प्रश्न काय आला? अनुभव आहे का. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रातून नवख्या पोरापोरींना बाहेर काढण्यासाठीच हा कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि ते घेताना अनुभव विचारायचा नसतो. तुझा ट्रेड दोन वर्षांचा असल्यामुळे तुला एकच वर्ष करायचं आहे. त्यानंतर ट्रेड टेस्ट आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. रेल्वेत, सरकारी कंपन्यांत, मोठ्या खासगी कारखान्यांत जाहिरात निघते तेव्हा आयटीआयबरोबर हे प्रमाणपत्र असेल तर बऱ्याच ठिकाणी उपयोग होतो. पुढे डिप्लोमा करावासा वाटला तर आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि टूलरूममध्ये एक वर्ष काढलेली मुलगी त्या वर्गात मशीन ड्रॉइंगला अडणार नाही.

आता पैशाचं. आयटीआय झालेल्याला कायद्याने किमान सात हजार विद्यावेतन ठरलं होतं. हा दर २०१९ चा. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते सगळे दर छत्तीस टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस केली, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण सात हजारांत पिंपरी-चिंचवडला खोलीचं भाडं आणि मेसही भागत नाही. तुझी कंपनी अकरा देतेय, कॅन्टीन आणि बस वेगळी. खात्यात पैसे दोन भागांत येऊ शकतात. योजनेप्रमाणे सरकार विद्यावेतनाचा चौथा भाग, जास्तीत जास्त महिना दीड हजार, थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं आणि उरलेलं कंपनी देते. त्यामुळे पहिल्या महिन्यात कंपनीकडून साडेनऊच आले तर गोंधळून जाऊ नकोस. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते या आठवड्यातच बघून घे. आपल्याकडच्या पोरांचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांचा फरक. वर्षाचे बेचाळीस हजार. आपल्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही, हे मी तुला लपवून सांगणार नाही. पण तू राहणार आत्तीकडे, दर दहा दिवसांनी डेअरीकडून आपल्याला दुधाचे पैसे येताहेत, आणि माझा ओव्हरटाइम दिवाळीपर्यंत चालू राहील. आई म्हणाली, धाकट्याच्या क्लासची फी? ती मी बघतो. हे वर्ष आपण काढू शकतो. तुझ्या बरोबरीच्या कितीतरी मुलींना घरून एवढंही सांगता येत नाही, त्यांना साडेचौदा हजार घ्यावेच लागतात. त्यांच्यासाठी हे विद्यावेतन वाढलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पोट भरत नसेल तर शिकायला कोण थांबेल?

मामाने सुचवलेल्या तिसऱ्या वाटेबद्दलही लिहितो. तुझ्या मामेभावाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तालुक्याच्या ऑफिसात काम केलं. पदवीधर म्हणून त्याला महिना दहा हजार मिळत होते. आयटीआय आणि पदविकावाल्यांना आठ, बारावीवाल्यांना सहा. आधी सहा महिने होते, मग आणखी पाच वाढवून मिळाले. त्याला त्याचा उपयोग झाला. चारचौघांत बोलायला शिकला, फाइल कशी फिरते ते कळलं, कॉम्प्युटरवर हात बसला. पण मुदत संपल्यावर तो जिथे होता तिथेच आहे, आणि त्याच्यासारख्या हजारो जणांनी आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनं केली आहेत. बीए झालेल्या मुलाला दुसरं दार बंद असताना ते ठीक होतं. तुझ्या हातात ट्रेड आहे. तू पंचायत समितीत बसून झेरॉक्स काढाव्यात असं मला वाटत नाही. मामाला मी सांगेन, तू काही बोलू नकोस.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. उमेदवारी संपल्यावर कंपनी तुला घेईलच असं नाही. कायद्यातच लिहिलंय की उमेदवाराला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, करारात तशी अट असेल तरच. २० मार्च २०१८ ला मुंबईत माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेचे अप्रेंटिस रुळावर बसले होते. मध्य रेल्वेची लोकल बंद पडली होती. त्यांचं म्हणणं हेच होतं की रेल्वेने आमच्याकडून उमेदवारी करून घेतली, आता नोकरी द्या. रेल्वेने खालच्या स्तराच्या भरतीत त्यांच्यासाठी वीस टक्के जागा ठेवल्या होत्या, पण पोरांची संख्या कितीतरी जास्त. मला त्या पोरांचं दुःख कळतं. वर्षभर एका ठिकाणी घाम गाळला की ते ठिकाण आपलं वाटायला लागतं. माझी उमेदवारी चालू असतानाच, जानेवारी १९९५ मध्ये, सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर शिकवून तयार केलेल्या उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य द्यावं. आमच्या खात्यात त्या बातमीचं कात्रण कितीतरी दिवस नोटीस बोर्डावर होतं. पण प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. मलाही त्या कंपनीने घेतलं नाही. सर्टिफिकेट हातात होतं आणि मिस्त्रींनी दोन ठिकाणी शब्द टाकला, त्यावर मी दुसरीकडे लागलो आणि तिथेच टिकलो. तू पहिल्या दिवसापासून हे धरूनच चल. नवव्या-दहाव्या महिन्यापासून दुसरीकडे अर्ज करायला लाग. यात कंपनीशी बेइमानी काही नाही.

सही करण्याआधी काय बघायचं ते सांगतो. करारात ट्रेडच्या जागी ‘मशीनिस्ट’ लिहिलेलं आहे का बघ. कधीकधी सोयीसाठी भलताच ट्रेड टाकतात आणि मग परीक्षेला अडचण येते. करार अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे. नोंदणी क्रमांक आणि कराराची प्रत मागून घे, ‘नंतर देतो’ म्हणाले तरी विचारत राहा. त्या नोंदणीशिवाय वर्षाच्या शेवटी परीक्षेला बसता येणार नाही, मग तीही नुसती ट्रेनीगिरीच झाली. थिअरीचे तास कधी आणि कुठे हे विचार. तो वेळ कामातच धरायचा असतो, त्याचे पैसे कापायचे नसतात. आणि करार एकदा झाला की मधेच सोडायचं किंवा काढायचं असेल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे रीतसर जावं लागतं. ते दोन्ही बाजूंना लागू आहे, तुलाही, त्यांनाही. म्हणून नीट विचार करूनच सही कर.

टूलरूममध्ये असतानाही तुला लाइनवर ओढतील, हे गृहीत धर. प्रॉडक्शनला माणूस कमी पडला की सगळ्यात आधी नजर उमेदवारावर जाते. एखादा दिवस गेलीस तर जा, तेही शिकणंच आहे. पण आठवडे जायला लागले तर तुमच्या ट्रेनिंगच्या साहेबांना सांग. भांडू नकोस, वही दाखव. रोजची वही ठेव: कुठलं मशीन, कुठला जॉब, काय माप, काय चुकलं, कुणी शिकवलं. महिन्याच्या शेवटी साहेबांची सही घे. ‘या महिन्यात मी सरफेस ग्राइंडरला हातच लावला नाही’ हे वहीतून दाखवलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. पुढे मुलाखतीतही ही वही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

तिथे तू एकटीच मुलगी असशील बहुतेक. आयटीआयलाही तुम्ही दोघीच होता, तेव्हा ते तुला नवीन नाही. कपडे बदलायची खोली, बाथरूम, शिफ्ट किती वाजता सुटते आणि बस कुठपर्यंत सोडते हे जॉइन होण्याआधी विचारून घे. विचारायला लाजू नकोस, हे मागणं नाही, हे त्यांनी करायचंच असतं. कुणी ‘तुला जमणार नाही, तू ड्रॉइंगच सांभाळ’ म्हणून खुर्चीत बसवायला लागलं तर उठून मशीनवर जा. आणि सुरक्षेचं तुला आयटीआयत शिकवलंय तरी बाप म्हणून पुन्हा लिहितो. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत. केस बांधून टोपीत. बांगडी, ओढणी, मोबाइल सगळं लॉकरमध्ये. चिप्स हाताने कधीही ओढायच्या नाहीत, ब्रश किंवा हूकच. घाई कुणालाही असू दे, मशीन पूर्ण थांबल्याशिवाय माप घ्यायचं नाही.

कॉन्ट्रॅक्टरला नाही म्हणताना नीट बोल. दोन ओळींचा मेसेज कर, त्याचे आभार मान आणि विषय संपव. तुझी जी मैत्रीण तिथे लागतेय तिला नावं ठेवू नकोस. तिच्या घरची अडचण मला माहीत आहे. तिला फक्त एवढं सांग की पीएफ का नाही ते लेखी विचार, आणि महिन्याच्या महिन्याला मिळालेली प्रत्येक स्लिप जपून ठेव. उद्या काही झालं तर तिने तिथे काम केलं हे सांगणारा तेवढाच कागद तिच्याकडे असेल.

शनिवारी गावातली एक गाडी चिंचवडला येतेय. तिच्याबरोबर तुझं मूळ मार्कशीट, दाखला आणि माझा सहा इंची व्हर्नियर पाठवतो. कंपनीत माप घ्यायला तिथलंच कॅलिब्रेट केलेलं इन्स्ट्रुमेंट वापर, हा घरी सरावाला. सेफ्टी शूज तिथे मिळतील, नाही मिळाले तर कळव. सोमवारी सही झाली की कराराच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, ट्रेडचं नाव मी स्वतः बघतो.

आत्तीला आणि तिच्या यजमानांना माझा नमस्कार सांग. आजी म्हणते, डबा घेऊन जात जा, कॅन्टीनवर राहू नकोस.

तुझे
पप्पा